मुलं बघत नाहीत, आता काय करायचं? ज्येष्ठांची हेळसांड ओळखण्यापासून प्रांत कार्यालयातल्या अर्जापर्यंत

शेजारच्या आजी दिवसेंदिवस वाळत चालल्यात. गावाकडच्या काकांचा फोन महिनाभर लागत नाही. आत्या भेटली की नुसती रडते, पण सांगत काहीच नाही. असं काही डोळ्यांसमोर असेल आणि नेमकं काय करावं ते सुचत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझ्या मावशीसाठी मी या सगळ्यातून गेले आहे: बँक, पोलीस ठाणं, प्रांत कार्यालय, सुनावण्या, आदेश आणि आदेशानंतरची वसुलीही. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांचे अर्ज लिहायला बसते. प्रश्न तेच असतात आणि माणसं अडकतातही त्याच जागी.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीचा २००७ चा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने चांगला भक्कम आहे. तो अडतो दोन ठिकाणी. हातात कागद नसतो, आणि ज्येष्ठ माणूस ऐन वेळी "तसं काही नाही हो" म्हणून मोकळा होतो. खालच्या बहुतेक पायऱ्या या दोन गोष्टी सांभाळण्यासाठी आहेत.

१. हेळसांड कशी दिसते ते आधी समजून घ्या

मारहाण झाली तरच छळ, अशी आपली समजूत असते. जागतिक आरोग्य संघटना शारीरिक, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळाबरोबर हेळसांडही छळातच धरते. संघटनेच्या अंदाजानुसार जगात साठीपुढच्या साधारण दर सहा माणसांमागे एकाला वर्षभरात यातलं काही ना काही सोसावं लागतं. चष्मा फुटला तो महिनोन् महिने करून न देणं, कामावर जाताना खोलीला बाहेरून कडी घालणं, रात्री त्रास नको म्हणून झोपेची गोळी जास्त देणं, सारखं उठवावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न देणं. यात कुणी हात उचललेला नसतो. माणूस मात्र खचत जातो.

भावाभावांनी आईवडिलांच्या पाळ्या लावलेल्या घरांकडे जास्त लक्ष द्या. घर बदललं की औषधांची पिशवी एकीकडे राहते, जुने रिपोर्ट दुसरीकडे. रक्तदाबाची गोळी नेमकी कुणाकडे असताना बंद झाली, हे कुणालाच सांगता येत नाही. आई एका मुलाकडे आणि वडील दुसऱ्याकडे, अशी वाटणी तर सर्रास होते. आयुष्यभर एकत्र राहिलेल्या दोघांना तोडणं हाही त्रासच आहे, आणि तो अर्जात लिहिता येतो.

शरीरावर बघायच्या खुणा: झपाट्याने घटलेलं वजन, वाढलेली नखं, कपड्यांना लघवीचा वास, माकडहाडावर किंवा टाचांवर बेडसोर, दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ. जखमेचं कारण घरातले दोघं दोन वेगवेगळं सांगत असतील तर ते लिहून ठेवा. उतारवयात त्वचा पातळ होते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही काळंनिळं पडतं. म्हणून एका डागावरून कुणावर आरोप करू नका. तेच पुन्हा पुन्हा होतंय का, ते बघा.

वागण्यातही कळतं. तुम्ही आजींना विचारता आणि उत्तर दरवेळी दुसरंच कुणी देतं. फोन कायम स्पीकरवर असतो. दारात पाऊल वाजलं की बोलणं अर्ध्यावर थांबतं.

आर्थिक छळ पासबुकात दिसतो. मावशीचं पासबुक छापून आणलं तेव्हा दर महिन्याला निवृत्तिवेतन जमा झाल्याच्या दिवशीच जवळजवळ सगळी रक्कम एटीएममधून निघाल्याच्या ओळी होत्या, एकाखाली एक. त्या काळात मावशीने घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता. पुढे सुनावणीत या ओळींवर कुणालाच काही बोलता आलं नाही.

विस्मृतीच्या आजारात "माझे दागिने चोरले" असे आरोप आजारामुळेही होतात. तसंच, विस्मृती आहे म्हणूनच दागिने चोरणंही सोपं जातं. त्यामुळे "त्यांना काही आठवत नाही" एवढ्यावर तक्रार झटकून टाकू नका आणि तपासल्याशिवाय खरीही मानू नका.

आणखी एक. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं एकट्या सुनेवर किंवा मुलीवर पडलेलं असेल, तर आधी तिची विचारपूस करा. कित्येक घरांत दिवसा काही तास मदतनीस ठेवला, बाकीच्या भावंडांनी आळीपाळीने रात्री वाटून घेतल्या की घर पुन्हा सुरळीत होतं. तिथे तक्रारीची गरजच नसते. मात्र "ती दमते हो" हे मारहाणीचं समर्थन म्हणून ऐकून घेऊ नका.

२. ज्येष्ठ माणसाशी एकट्याने बोला

घरात, सगळ्यांसमोर विचारलंत तर खरं उत्तर मिळणार नाही. दवाखान्यात नेताना रिक्षात, देवळाच्या ओट्यावर किंवा तुमच्या घरी बोला. "मुलगा त्रास देतो का?" असं थेट विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "नाही गं, तसा चांगला आहे तो." त्यापेक्षा विचारा: औषधं कोण देतं? काल दुपारी काय जेवलात? बँकेचं पुस्तक कुणाकडे असतं? रात्री घरात आवाज चढतात का? घरात कुणाची भीती वाटते का?

लपवण्यामागे कारणं असतात. नातवंडं भेटणार नाहीत ही भीती, चारचौघांत घराची लाज जाईल ही भीती, आणि सगळ्यात मोठी म्हणजे वृद्धाश्रमात टाकतील ही भीती. म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की तक्रार केली म्हणजे घर सोडावं लागतं असं अजिबात नाही. निर्वाहाचा, म्हणजे मुलांकडून दरमहा खर्चाला पैसे मिळावेत म्हणून करायचा अर्ज करून स्वतःच्याच घरात राहता येतं.

मग विचारा, "तुम्हाला काय हवंय?" मावशीला हवं होतं ते एवढंच: औषधांना पैसे, स्वतःचं पासबुक स्वतःच्या हातात, आणि संध्याकाळी दारू पिऊन अंगावर येणं बंद. मुलाला शिक्षा व्हावी असं तिला कधीच वाटलं नाही. अर्जात पुढे हेच मागितलं. ज्येष्ठाला नको असलेली मागणी तुम्ही रागाच्या भरात अर्जात घातलीत, तर पहिल्याच तारखेला ती व्यक्ती अर्ज मागे घेते.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. जिवावर बेतलं तर सांगावंच लागेल. "तुम्हाला विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाही, पण जिवाला धोका दिसला तर थांबणारही नाही" असं म्हणा.

३. आज धोका असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा

मारहाण चालू असेल, माणसाला कोंडून ठेवलं असेल किंवा बाहेर काढलं असेल तर ११२ ला फोन करा. बेशुद्धी, जखम, अन्नपाणी तुटल्याची लक्षणं असतील तर आधी रुग्णालय. तिथे घाबरून "पडले" असं सांगू नका. काय झालं ते ज्येष्ठाच्या शब्दांत डॉक्टरांना सांगा आणि केस पेपरवर लिहायला सांगा. मारहाणीची जखम असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची) नोंद करायला सांगा.

जीवघेणी निकड नसेल आणि सल्ला हवा असेल, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, एल्डरलाइन, क्रमांक १४५६७. फोन मोफत असतो आणि सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात रोज चालतो. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००. महिलांना उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी सेवा मिळते, म्हणजे आजी, आत्या, मावशी सगळ्यांनाच.

पोलीस ठाण्यात "घरचं भांडण आहे, घरी मिटवा" हे ऐकायची तयारी ठेवा. शांतपणे लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सहीसह पोच घ्या. अदखलपात्र म्हणून नोंद झाली तरी तिची प्रत पुढे उपयोगी पडते. ज्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठ नागरिकाला कायमचं वाऱ्यावर सोडण्याच्या इराद्याने कुठेतरी टाकून देणं हा २००७ च्या कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. कलमाचा आकडा तक्रारीत लिहा. आकडा दिसला की टेबलापलीकडची भाषा बदलते.

४. नोंदवही सुरू करा

साधी वही पुरते. तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं. "मुलगा फार छळतो" या वाक्याचा सुनावणीत उपयोग होत नाही. याचा होतो: "१२ जानेवारी, रात्री ९ च्या सुमारास. औषधाला पैसे मागितले म्हणून ताट भिरकावलं. शेजारच्या वहिनींनी आवाज ऐकून दार वाजवलं. १४ तारखेला दवाखान्यात रक्तदाब १८०/१०० निघाला, केस पेपर जोडला आहे."

वही ज्येष्ठांच्या घरी ठेवू नका. ती तुमच्याकडे किंवा भरवशाच्या शेजाऱ्याकडे राहू द्या. फोटो काढताना जखमेचा जवळून एक आणि चेहरा दिसेल असा लांबून एक काढा, आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअॅपवरच्या धमक्या, व्हॉइस मेसेजही तसेच ठेवा. अंथरूण, रिकामी औषधाची पाकिटं, बाहेरून लावलेली कडी, यांचे फोटो लोक विसरतात.

५. पैशाच्या वाटा बंद करा

हे अर्जाच्या आधी करा. निर्वाहाच्या अर्जाची नोटीस मुलांना पोहोचली की खातं रिकामं होण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

ज्येष्ठांना घेऊन शाखेत जा आणि व्यवस्थापकाशी बोलायला मागा. जुनं एटीएम कार्ड बंद करून नवं घ्या. खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कुणाचा आहे ते तपासा. बहुतेक वेळा तो मुलाचा किंवा नातवाचा निघतो आणि मग यूपीआयही त्याच्याच फोनवर चालू असतं. संयुक्त खातं असेल तर स्वतःच्या एकट्याच्या नावाने नवं खातं उघडून निवृत्तिवेतन तिकडे वळवा. कोऱ्या सह्यांचे धनादेश दिलेले असतील तर त्यांचे क्रमांक देऊन ते थांबवा. चालता येत नसेल तरी अडत नाही. ७० वर्षांपुढच्या ग्राहकांना घरपोच मूलभूत बँकसेवा द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखलाही जीवन प्रमाणच्या चेहरा ओळखण्याच्या सोयीने घरबसल्या मोबाइलवर होतो. "दाखल्यासाठी मीच नेतो ना" हा दबाव त्यामुळे राहत नाही.

कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) दिलेलं असेल तर ते रद्द करता येतं. रद्दपत्र करून ज्याला दिलं होतं त्याला, बँकेला आणि जिथे जिथे ते वापरलं असेल तिथे लेखी कळवा. हे कळवणं राहिलं तर जुन्या पत्रावर व्यवहार होत राहतात. ऑनलाइन फसवणुकीने पैसे गेले असतील तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर १९३० वर फोन करा.

६. कोण, कुणाविरुद्ध आणि कुठे अर्ज करतं

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीचा केंद्राचा कायदा २००७ चा आहे आणि महाराष्ट्राचे नियम २०१० चे. ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० वर्षं पूर्ण झालेली भारतीय व्यक्ती. आईवडिलांना मात्र वयाची अट नाही. पंचावन्न वर्षांची आईही अर्ज करू शकते. त्यात दत्तक आणि सावत्र आईवडीलही येतात.

अर्ज होतो तो सज्ञान मुलगा, मुलगी, नातू किंवा नात यांच्याविरुद्ध. लग्न झालेली मुलगीही यात आली. निपुत्रिक ज्येष्ठ असतील तर त्यांची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारसाहक्काने मिळणार आहे, असा सज्ञान नातेवाईक जबाबदार ठरतो.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. सून आणि जावई "मुलं" या व्याख्येत नाहीत, त्यामुळे निर्वाहभत्ता सुनेकडून मागता येत नाही. तो मुलाकडूनच मागा. दुसरं म्हणजे, अर्ज एकाच मुलाविरुद्ध केला तरी तो मुलगा बाकीच्या भावंडांना त्यात ओढू शकतो. म्हणजे जी मुलगी खरोखर सांभाळतेय तिलाही नोटीस येऊ शकते. तिला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर नेमकी तीच दुखावते.

अर्ज निर्वाह न्यायाधिकरणाकडे जातो. त्याचे पीठासीन अधिकारी उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचे असतात, म्हणून लोकांच्या बोलण्यात ते "प्रांताकडचं प्रकरण" असतं. ज्येष्ठ राहतात किंवा शेवटचे राहत होते तिथे, किंवा मुलगा राहतो तिथे, यांपैकी सोयीच्या जागी अर्ज करा. स्वतःला जमत नसेल तर ज्येष्ठांनी अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं.

निर्वाहासाठी फौजदारी न्यायालयाचाही रस्ता आहे. पूर्वीचं दंड प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. पण दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो. दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवू नका. आजींना किंवा आईला घरात मारहाण, शिवीगाळ होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तो कायदा फक्त सुनांसाठी आहे हा गैरसमज आहे. आईही मुलाविरुद्ध त्याचा आधार घेऊ शकते.

७. कागद गोळा करा आणि अर्ज लिहा

सोबत ठेवायचे कागद:

- वयाचा आणि पत्त्याचा पुरावा: आधार, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला यांपैकी जे असेल ते
- नातं दाखवणारा कागद: शिधापत्रिका, मुलाचा जन्मदाखला, जुनी कुटुंबनोंद
- मुलांची पूर्ण नावं, सध्याचे पत्ते, फोन, कामाची जागा
- मुलांच्या उत्पन्नाचा अंदाज येईल असं काहीही: नोकरीचं ठिकाण, दुकान, वाहन, सातबारा
- किमान वर्षभराचं छापलेलं पासबुक
- दवाखान्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बिलं
- घर-जमिनीचे कागद: सातबारा, आठ-अ, फेरफार, मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोन, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र
- पोलीस तक्रारीच्या प्रती, फोटो, नोंदवहीची छायाप्रत
- प्रतिनिधी अर्ज करणार असेल तर ज्येष्ठांच्या सहीचं किंवा अंगठ्याचं अधिकारपत्र

मूळ कागद हातचे सोडू नका. फक्त दाखवायचे.

अर्ज साध्या मराठीत लिहा. आधी माणूस कोण, कुठे राहतो, मुलं कोण. मग घटना तारखांसह, जुन्यापासून नव्याकडे. मग महिन्याचा खर्च: औषधं, जेवण, वीज, मदतनीस, तपासण्या. शेवटी मागणी, आकड्यात. या कायद्याखाली निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. खर्चाचा तक्ता जोडला नाही तर रक्कम अंदाजाने ठरते आणि ती अंदाजाने नेहमी कमीच ठरते. प्रकरण चालू असताना तात्पुरता भत्ताही मिळू शकतो. तो आपोआप मिळत नाही, अर्जात वेगळा मागा.

रागाची विशेषणं काढून टाका. नालायक, राक्षस, बाईलवेडा असे शब्द आले की समोरचा पक्ष त्यावरच वाद घालत बसतो आणि औषधांचा मुद्दा राहून जातो.

अर्ज आवक टेबलावर द्या, आवक क्रमांक घ्या, स्वतःच्या प्रतीवर शिक्का घ्या. "साहेब आल्यावर देतो नंबर" असं म्हणाले तर तिथेच बसून राहा. क्रमांक नसलेला अर्ज नंतर सापडत नाही.

८. सुनावणीची तयारी

मुलांना नोटीस पोहोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. अपवाद म्हणून एकदा ३० दिवस वाढवता येतात. प्रत्यक्षात नोटीस पोहोचण्यातच वेळ जातो, कारण पत्ता चुकीचा असतो किंवा मुलगा ती घेत नाही. म्हणून घरचा आणि कामावरचा, दोन्ही पत्ते द्या.

कलम १७ नुसार या कामात वकिलाने बाजू मांडायची नाही, असं कायद्यात आहे. दिल्ली आणि केरळ उच्च न्यायालयांनी ही बंदी मानलेली नाही, त्यामुळे समोरून वकील आला तर बिचकू नका. ज्येष्ठांची इच्छा असेल तर सरकारने नेमलेला निर्वाह अधिकारी त्यांच्या वतीने बाजू मांडू शकतो. तसा लेखी अर्ज द्या.

न्यायाधिकरण प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकतं. त्याला एका महिन्यात अहवाल द्यायचा असतो. जास्तीत जास्त प्रकरणं इथेच विरतात. मुलगा पाया पडतो, आई विरघळते, "उद्यापासून सगळं बघतो" यावर बैठक संपते. समेट जरूर करा; मुलाशी नातं टिकलं तर हवंच आहे. पण तो लेखी करा. किती रुपये, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, औषधं कोण आणणार, पासबुक कुणाकडे राहणार. या समेटावर न्यायाधिकरणाकडून आदेश करून घ्या. आदेश असला की पुढे वसुली करता येते. तोंडी शब्दावर काहीच करता येत नाही.

ज्येष्ठ माणसाला आदल्या दिवशी सगळं नीट समजावून सांगा. अधिकारी काय विचारतील, मुलगा समोर बसलेला असेल, कदाचित रडेल. मावशी पहिल्या तारखेला मुलाकडे बघून गप्पच झाली. मी अधिकाऱ्यांना विनंती केली की तिचं म्हणणं मुलाला बाहेर बसवून ऐकावं. त्यांनी ते मानलं आणि मग ती दहा मिनिटं न थांबता बोलली. अशी विनंती करायला संकोचू नका. जाताना पाण्याची बाटली, दुपारची गोळी, ऐकण्याचं यंत्र असेल तर त्याचे जादा सेल घेऊन जा. नीट ऐकू न आल्याने चुकीची उत्तरं नोंदली जातात. जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका.

९. आदेश मिळाल्यावर

आदेशाची प्रत ज्येष्ठांना मोफत मिळते. रक्कम आदेशापासून ३० दिवसांत जमा करायची असते. रोख घेऊ नका, खात्यातच घ्या. "दिले होते, नाही दिले" हा वाद त्याने उरत नाही.

पैसे थकले तर ज्या तारखेला ते देणं होतं तिच्यापासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करा. ही मुदत फार जणांची हुकते, कारण आई म्हणते, "थांब, देईल तो दिवाळीनंतर." मुदतीत अर्ज केला तर वसुलीचं वॉरंट निघू शकतं, आणि तरीही न दिल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत किंवा रक्कम भरेपर्यंत, यांतलं जे आधी होईल तोवर, कैद होऊ शकते.

आदेश मान्य नसेल तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येतं. मुलाने अपील केलं तरी भत्ता चालू ठेवावा लागतो. पुढे आजार वाढला, खर्च वाढला, तर रक्कम बदलून मागता येते.

आदेशानंतरचे पहिले काही आठवडे घरातलं वातावरण तापलेलं असतं. रोज कोण फोन करणार, आठवड्यातून कोण डोकावणार, हे आधीच ठरवा. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद जवळच्या पोलीस ठाण्यात करा. हद्दीतल्या ज्येष्ठांची यादी ठेवणं आणि त्यांच्याकडे ठरावीक काळाने भेट देणं हे पोलिसांचं कामच आहे.

१०. घर-जमीन नावावर केली असेल, किंवा करायला सांगत असतील तर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलांना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. व्यवहार स्वस्त, म्हणून घाई होते. "आई, नंतर भावाभावांत भांडणं नकोत, आत्ताच करून टाकू." बक्षीसपत्र नोंदलं की मालकी त्याच दिवशी जाते. मृत्युपत्राचं तसं नाही. ते माणूस गेल्यावरच लागू होतं आणि तोवर कितीही वेळा बदलता येतं. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. भांडण टाळायचं असेल तर मृत्युपत्राने ते टळतं आणि छप्परही स्वतःचं राहतं. वडील गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी आईकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तेव्हाही हेच लक्षात ठेवा. "तलाठ्याकडचा साधा कागद आहे" असं सांगून तो पुढे केला जातो. नवऱ्याच्या मिळकतीतला तिचा हिस्सा त्या एका सहीने जातो.

आधीच नावावर करून दिलं असेल तर २००७ च्याच कायद्याचं कलम २३ बघा. कायदा लागू झाल्यानंतर बक्षीस म्हणून किंवा अन्य प्रकारे मालमत्ता दिली, देताना सांभाळण्याची अट होती, आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालेलं मानून ज्येष्ठांच्या मागणीवरून रद्द ठरवता येतं. गोम त्या अटीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागतं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताचा लावला. तिथे मुलाने सांभाळण्याचं वेगळं वचनपत्र दिलं होतं. बक्षीसपत्र रद्द झालं, आणि न्यायाधिकरण ताबा परत देण्याचा आदेशही देऊ शकतं हे स्पष्ट झालं. म्हणून बक्षीसपत्रात अट नसली तर त्याच सुमाराचा दुसरा कागद, पत्र, स्टँप पेपर शोधा. कपाटातल्या जुन्या पिशव्या उपसा.

घर ज्येष्ठांच्या मालकीचं आहे आणि मुलगा-सून छळतात, म्हणून त्यांना बाहेर काढण्याची मागणी करता येते. पण सुनेला कौटुंबिक हिंसाचार कायद्याने त्या घरात राहण्याचा हक्क असू शकतो, आणि नुसत्या ज्येष्ठांच्या अर्जावर तो डावलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात सांगितलं आहे. अशी मागणी करण्याआधी वकिलाचा सल्ला घ्याच.

आणि अजून काहीच केलेलं नसेल, नुसता आग्रह चालू असेल, तर दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी मसुदा घरी मागून घ्या. बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर त्यात सांभाळण्याची अट, आयुष्यभर त्या घरात राहण्याचा हक्क आणि औषधपाण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. ज्याला त्या कागदातून काहीच मिळणार नाही अशा माणसाकडून तो मसुदा मोठ्याने वाचून घ्या. कुणी न वाचता सही किंवा अंगठा मागत असेल, तर ज्येष्ठांना एकच वाक्य शिकवून ठेवा: "आज बरं वाटत नाही, पुढच्या आठवड्यात बघू." आणि त्याच दिवशी तुम्हाला फोन करायला सांगा.